आजोबांची येझदी आणि तीन सह्या

शहापूरच्या जुन्या घरांना पुढे सोपा असतो आणि मागे परडं. परड्यात विहीर, एखादं शेवग्याचं झाड आणि पत्र्याच्या शेडखाली ज्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही असं सगळं सामान असतं: मोडका माग, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि बऱ्याच घरांत एक बंद पडलेली मोटरसायकल. आमच्याकडे ती १९७९ सालची येझदी होती.

आजोबांचा साड्यांचा व्यापार होता. शहापूरच्या मागावरच्या साड्यांचे गठ्ठे कॅरिअरला बांधून ते खानापूर, चंदगड, निपाणीच्या बाजारांना जायचे. १९९९ साली गाडीच्या नोंदणीची मुदत संपली, त्यांचे गुडघेही दुखायला लागले होते, म्हणून त्यांनी गाडी परड्यात लावली. २००१ साली ते गेले. दोन वर्षांनी बाबांच्या आणि काकांच्या वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली, भांडी मोजून वाटली गेली, विहिरीवरचे पाणी भरायचे दिवसही ठरले. गाडीचं मात्र जमेना, कारण ती दोघांनाही हवी होती. शेवटी बसलेल्या मंडळींनी सांगितलं, ठरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दोघांनीही तो शब्द इतका पाळला की तिच्यावरची ताडपत्री बदलायलासुद्धा कुणी गेलं नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

२०२४ साली परड्याची जागा विकायचं ठरलं. दिवाळीपर्यंत ती मोकळी करून द्यायची होती. भंगारवाल्याने गाडीचे ५,००० रुपये सांगितले आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा बाबा आणि काका एका गोष्टीवर सहमत झाले: देऊन टाका, पैसे निम्मे निम्मे. मी उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये मापं तपासायचं काम करते. दिवसभर हातात व्हर्नियर आणि डायल गेज. काकांचा मुलगा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, आणि गाड्यांचा वेडा. भिंत घातली ती मोठ्यांनी, आमचं येणं-जाणं चालूच होतं. आम्ही दोघांनी आपापल्या बापाकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. "चालू झाली नाही तर भंगारात," असं दोन्ही घरांतून एकच उत्तर आलं.

येझदीबद्दल थोडं सांगते, कारण आमच्या वयाच्या पुष्कळांनी ती फक्त फोटोत पाहिलेली असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या परवान्यावर तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या निघाल्या, आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. इंजिन टू-स्ट्रोक, २५० सीसीचं. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा: आत दाबून फिरवला की किक, सोडून दिला की गिअर. आमच्या गाडीचा हा दांडा खाली जातच नव्हता. भिंतीला पाय लावल्यासारखं वाटायचं. म्हणजे इंजिन जाम.

जाम होण्याचे दोन प्रकार असतात, हे मला मिस्त्रींनी शिकवलं. मिस्त्री सत्तरीचे, आयुष्य जावा-येझदीत गेलेलं, एका वाक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे. पहिला प्रकार धावताना जाम होण्याचा. तेल कमी पडलं किंवा इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला धरतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या साधारण दुपटीने प्रसरण पावतं, त्यामुळे दोघांमधली जागा संपते. दुसरा प्रकार उभं राहून जाम होण्याचा. बेळगावच्या पावसाळ्यातली दमट हवा सायलेन्सरमधून, कार्बुरेटरमधून आत शिरते. सिलिंडरला गंज चढतो, पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटतात, आणि दर पावसाळ्यात ती पकड थोडी थोडी घट्ट होत जाते. आमच्या गाडीने असे पंचवीस पावसाळे काढले होते.

शेजारच्या पोरांचं म्हणणं, चौथ्या गिअरमध्ये टाकून उतारावरून ढकलू. मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं. चिकटलेल्या इंजिनावर जोर केला तर रिंग तुटते, तिचा तुकडा सिलिंडरच्या खिडकीत, म्हणजे पोर्टमध्ये, अडकतो आणि सिलिंडर कायमचा जातो. किकचे दातेही तुटतात. "सावकाश," ते म्हणाले. हा शब्द आपल्याकडे मराठीतही चालतो आणि कन्नडमध्येही. पुढच्या पाच महिन्यांत आम्ही तो दोन्ही भाषांत ऐकला.

पहिलं काम प्लग काढून आत टॉर्च मारायचं. सिलिंडरच्या भिंती चहाच्या पातेल्यासारख्या तपकिरी झालेल्या. मी प्लगच्या भोकातून एक सळई सोडून माप घेतलं. पिस्टन वरून साधारण २५ मिलिमीटरवर अडकला होता. हे आमचं नशीब, कारण त्या जागी पोर्ट पिस्टनने झाकलेले असतात. पिस्टन आणखी खाली असता तर ओतलेलं तेल सायलेन्सरच्या वाटेने निघून गेलं असतं. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे कारच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल पातळ तेल, निम्मं निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून ओतलं आणि वाट बघत बसलो. रोज संध्याकाळी कामावरून आले की तेलाची पातळी बघायची. दहा दिवस ती तशीच होती. अकराव्या दिवशी सुताएवढी खाली गेली, म्हणजे तेल रिंगांच्या बाजूने झिरपायला लागलं होतं.

मग हेड उतरवलं. आता खोलीमापी व्हर्नियर थेट पिस्टनच्या माथ्यावर लावता येत होता. सिलिंडरला बाहेरून गरम हवेच्या गनने शेक दिला, पिस्टन मात्र गार राहील असं बघितलं. सिलिंडर किंचित फुगतो, पिस्टन तेवढाच राहतो, तेवढीच काय ती जागा. सागवानाचा एक गोल ठोकळा लेथवर ६४ मिलिमीटरचा कातून आणला होता. तो पिस्टनवर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके. दुसरीकडे भाऊ चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक पुढे-मागे झुलवत होता. सतराव्या दिवशी माझ्या व्हर्नियरवर २५.४ चे २५.६ झाले. मी दोनदा मापून बघितलं. एक पंचमांश मिलिमीटर! भावाला दाखवलं तर त्याने विचारलं, "एवढंच?" मिस्त्री म्हणाले, आता ती आली. आणि तासाभरात पिस्टन करकरत खाली उतरला.

इंजिन सुटलं की लगेच किक मारून बघायचा मोह होतो. पण टू-स्ट्रोक इंजिनात बेअरिंगांना तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलंच. पंचवीस वर्षं कोरड्या राहिलेल्या बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडलेले असतात. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील खाकऱ्यासारखी कडक झालेली असतात. त्यातून हवा आत खेचली गेली की पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पुन्हा जाम, यावेळी धावताना. म्हणून इंजिन पूर्ण खोललं. खोलण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढला, आणि प्रत्येक नट-बोल्ट लेबल लावलेल्या डब्यात ठेवला. आईचे मसाल्याचे सगळे रिकामे डबे त्यात गेले.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसल्यावर खाली आकडा दिसला: ०.५०. म्हणजे हा मूळचा पिस्टन नव्हे. सिलिंडर एकदा बोअर करून अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवलेला होता. मिस्त्रींनी विचारलं, आधी कधी धावताना जाम झाली होती का? मला माहीत नव्हतं. मी बाबांना विचारलं, भावाने काकांना.

बाबांनी सांगितलं, १९८८ च्या मे महिन्यात दोघे भाऊ सावंतवाडीला गेले होते. येताना आंबोलीचा घाट चढताना गाडी धरली. पेट्रोलमध्ये तेल घालायचं काम धाकट्याचं होतं, तो विसरला. काकांनी सांगितलं, पंपावर थोरला उतरला होता, तेल त्यानेच घालायचं, तो विसरला. दोघांच्या हकिकतीत बाकी सगळं सारखं: घाटात तासभर थांबले, इंजिन गार झाल्यावर किक बसली, मग तीसच्या वर न जाता रात्री घरी. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी इंजिन खोलायला दिलं.

ही गोष्ट बाबा मला परड्यात सांगत होते. "मध्ये शिनोळीला चहा घेतला," असं ते म्हणाले, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "शिनोळीला नव्हे. पाटणे फाट्याला." बाबा गप्प झाले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "पाटणे फाट्याला पंक्चर काढलं." पलीकडून उत्तर आलं नाही. माझ्या आठवणीत त्या दोघांचं एकमेकांशी झालेलं हे पहिलं बोलणं.

पुढचं काम माझ्या ओळखीचं. सिलिंडर बोअर गेजने मापला तर गंजाचे खड्डे खोल होते. ०.७५ च्या पिस्टनला ते निघणार नव्हते. १.०० मिलिमीटर मोठा पिस्टन शोधावा लागला, तो एका जुन्या दुकानात डब्याबंद मिळाला. मूळ ६५ मिलिमीटरचा सिलिंडर आता ६६ चा झाला. क्रँकचं बिग एंड बेअरिंग, पिन, कनेक्टिंग रॉड नवीन. क्रँक दाबून बसवल्यावर लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेज लावला आणि तांब्याच्या हातोडीने ठोकून काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत आणला. बेळगावात राहण्याचा हा फायदा. फाउंड्री, लेथ आणि कसलेले हात, सगळं रिक्षाच्या अंतरावर. टाकीतला गंज काढायला किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, गरम पाण्यातून दोन दिवस भरून ठेवलं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून लगेच आतून तेलाचा हात फिरवला. वायरिंग, टायर, पेट्रोलच्या नळ्या सगळं नवीन. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. सगळा खर्च ४१,००० रुपयांच्या आसपास गेला, त्यातला निम्म्याहून जास्त इंजिनावर.

इथपर्यंत सगळं आमच्या हातात होतं. पुढे कागद आले.

गाडी आजोबांच्या नावावर. नोंदणीची मुदत १५ वर्षांची, ती १९९४ ला संपली. पुढे पाच वर्षांनी वाढवलेली, ती १९९९ ला संपली. पुन्हा रस्त्यावर आणायची तर आधी वारसाच्या नावावर करायला हवी. मालक वारल्यावर त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म लागतो, आणि बाकी वारसांची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. म्हणजे बाबांच्या नावावर करायची तर काकांची सही, काकांच्या नावावर तर बाबांची. २००३ साली जिथे गाडी अडली होती, तिथेच आम्ही येऊन पोहोचलो. बाबा म्हणाले, तो देणार नाही. काका म्हणाले, तो देणार नाही. दोघांपैकी कुणी विचारून बघायला मात्र तयार नव्हतं.

आम्ही दोघं वकिलांच्या कारकुनाकडे गेलो. त्याने फॉर्म भरता भरता विचारलं, वारस किती? भाऊ म्हणाला, दोन. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मुलगी नव्हती काय त्यांना?"

होती की. आमची आत्या वडगावात राहते, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गौरी-गणपतीला दोन्ही घरी येते, भिंतीच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा जेवते. पण या गाडीच्या सगळ्या भांडणात तिचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. तिने फॉर्म चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाली, "गाडीबद्दल मला आज पहिल्यांदा कुणी विचारतंय." तिच्याकडून कळलं ते असं: १९७९ ला गाडी घेताना पैसे कमी पडले, तेव्हा आत्याच्या दोन बांगड्या सोनाराकडे ठेवल्या होत्या. आप्पांनी वर्षाच्या आत सोडवून आणल्या. गठ्ठ्यांचा हिशोबही तीच लिहायची, कुठल्या बाजारात किती साड्या गेल्या आणि किती परत आल्या. तिची काही तक्रार नव्हती. तिने फक्त एवढंच सांगितलं, "सही देते. पण गाडी माझ्या नावावर करा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आत्या बासष्ट वर्षांची, तिला सायकलसुद्धा येत नाही. "मला चालवायची नाही," ती म्हणाली. "त्या दोघांच्यात कुणाच्याही नावावर केलीत तर दुसरा मरेपर्यंत धरून बसेल. माझ्या नावावर असली म्हणजे दोघांनाही माझ्याकडे मागावी लागेल."

बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांगड्यांचं मला माहीत होतं." आणि सही केली. काकांनी दुसऱ्या दिवशी केली. वकिलांकडे दोघे वेगवेगळ्या वेळी गेले, पण कागदावर सह्या एकाखाली एक आहेत, आणि तिसरी सही आत्याची.

इंजिन खंडेनवमीच्या तीन दिवस आधी चालू झालं. पॉइंटांत ०.४ मिलिमीटरची फट ठेवून, नवीन कंडेन्सर घालून, लिटरला ४० मिली तेल मिसळलेलं पेट्रोल सोडलं. बारा-तेरा किका रिकाम्या गेल्या. मग एकदम फटकन आवाज झाला आणि दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला. खंडेनवमीला सोप्यात तिची पूजा झाली, हळदकुंकू आत्याने लावलं. बाबा पुढच्या दाराला उभे होते, काका रस्त्यावर. आरटीओची तपासणी, दंड, शुल्क, विमा, पीयूसी हे सगळं पुरं व्हायला आणखी महिना लागला. पण दिवाळीत परडं रिकामं करून दिलं, तेव्हा गाडी स्वतःच्या इंजिनावर बाहेर आली.

आता व्यवस्था अशी आहे. गाडी आत्याच्या नावावर आणि चावी तिच्या देव्हाऱ्याच्या खणात. बाबांना हवी असेल तेव्हा ते वडगावला जातात, काकांना हवी असेल तेव्हा काका. इंजिन पुन्हा चिकटू नये म्हणून पंधरा दिवसांत एकदा ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवायला लागते, त्यामुळे दोघांपैकी एकाला जावंच लागतं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. भिंत आहे, ताटं वेगळी आहेत. एकदा मात्र दोघे एकाच वेळी आत्याकडे पोहोचले, आणि तिने दोघांना चहा दिला. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं यावर अर्धा तास वाद झाला म्हणे. आत्याने फोनवर सांगितलं, तेव्हा ती हसत होती.

तुमच्याही घरी ताडपत्रीखाली एखादी राजदूत, बुलेट किंवा येझदी असेल, तर या काही गोष्टी. किक मारून बघू नका. प्लग काढा, तेल ओता, आठवडे जाऊ द्या. सुटलं तरी इंजिन न खोलता चालू करू नका. जुन्या गाडीवर हात बसलेले मिस्त्री आता सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे या वर्षीच जा, आणि ते काम करताना शेजारी बसून बघा. गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी ठेवायची वेळ आली तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करा, प्लगमधून दोन चमचे तेल सोडून चाक फिरवा, आणि सायलेन्सरची तोंडं फडक्याने बंद करा.

आणि खर्चाला हात घालण्याआधी कागद बाहेर काढा. गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि वारसांची यादी करा. ती करताना घरातल्या बहिणींची नावं आधी लिहा.